अनुपचा दुखरा गुडघा

सुवर्णामावशी दुधाच्या कॅनवरची तारीख वाचतात आणि तरीही दूध हुंगून बघतात. बेलव्ह्यूत आम्ही शेजारी राहतो, म्हणून मला ठाऊक. त्यांच्या बहिणीच्या मुलीला लग्नानंतर कळलं, की नवऱ्याचं आधी एक लग्न झालेलं आहे. तेव्हापासून मावशी ताकही फुंकून पितात आणि दुसऱ्यांनाही फुंकायला लावतात.

त्यामुळे लेकीचं, स्वानंदीचं, अनुपशी जमतंय म्हटल्यावर त्याला पारखून घेणं आलंच. आमच्या मराठी ग्रुपची बेलव्ह्यूपासून बॉर्डरपलीकडच्या व्हँकुव्हरपर्यंत सायकल टूर होती. अनुपने नाव दिलं होतं, स्वानंदीला सुट्टी नव्हती. मावशींना सायकल येत नाही. "पोरांना घरचं खाऊ घालते" म्हणून त्या मी चालवत होते त्या सामानाच्या व्हॅनमध्ये माझ्या शेजारी येऊन बसल्या. मांडीवर दशम्यांचा डबा आणि डोळे अनुपच्या पाठीवर.

शेवटच्या दिवशी सकाळी माउंट व्हर्ननला आमचा म्होरक्या देवदत्त म्हणाला, "आज बॉर्डर क्रॉस करायची. पासपोर्ट हाताशी ठेवा." सायकली निघायच्या आत अनुप डावा गुडघा चोळायला लागला. जरा पेन करतोय, म्हणाला. मावशी फक्त "हो का" म्हणाल्या.

पुढे समुद्राकाठचा चढ लागला, तो हा पठ्ठ्या सगळ्यांच्या आधी चढून गेला.

"बघितलंस?" मावशी म्हणाल्या. "सपाटीवर दुखतो, चढावर बरा होतो."

बेलिंगहॅमला जेवायला थांबलो, तर तो फोन घेऊन लांब झाडाखाली. मावशींनी मला केळं देऊन पिटाळलं. मला एवढंच ऐकू आलं, की तो हळू आवाजात कोणाचे तरी आभार मानत होता. मी येऊन सांगितलं.

"पाणी कुठेतरी मुरतंय. ह्याची दुसरी कोणीतरी आहे," मावशी म्हणाल्या. "हे लग्न मी होऊ देणार नाही. संध्याकाळी स्वानंदीला फोन करते."

मला त्यांचा रागच आला. पोरगं उन्हात पेडल मारतंय आणि ह्या गार हवेत बसून त्याचं लग्न मोडतायत. पण संशय सर्दीसारखा असतो, शेजारी बसलं की लागतो. पुढच्या रस्त्याला मीही त्याच्याकडे तिरक्या नजरेनेच बघत होते.

ब्लेनला बॉर्डरजवळच्या बागेत सगळे थांबले. पासपोर्ट काढून मंडळी पुढे निघाली. अनुप लंगडत व्हॅनपाशी आला. "काकू, मी इथूनच बसने परत जातो. चालवत नाही आता."

"सकाळी डावा होता," मावशी म्हणाल्या.

अनुपने खाली पाहिलं. हात उजव्या गुडघ्यावर होता. मग तो गवतातच बसला.

"जॉब गेला, काकू. लेऑफ झाला. नवीन शोधायला माझ्या व्हिसावर साठ दिवस मिळतात. त्यात देशाबाहेर गेलो तर परत आत घेतील याचा भरवसा नाही. दुपारचा तो फोन इंटरव्ह्यूचा होता."

"मग आलासच कशाला?"

"ऐनवेळी कॅन्सल केलं असतं, तर का म्हणून तुम्ही विचारलं असतं."

मावशींनी विचारलं, "स्वानंदीला माहीत आहे?"

तो गवत उपटत राहिला. "पहिल्या दिवसापासून. तीच म्हणाली, आईला इतक्यात सांगू नकोस. आई आधी चौकशी करेल, मग धीर देईल."

मावशी घर सोडल्यापासून खोटं पकडायला टपल्या होत्या, ते सापडलं आणि त्यांच्याच घरी जाऊन पोचलं. त्यांना ते फार लागलं. मला त्यांच्याकडे बघवेना.

"अनुप, चल की यार," पुढून देवदत्तने हाक मारली.

"तो येत नाही," मावशींनी ओरडून सांगितलं. "गुडघा सुजलाय त्याचा. मी थांबते त्याच्याजवळ." मग माझ्याकडे बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मी मान हलवली आणि व्हॅनच्या किल्लीला हात घातला, पण लगेच निघाले नाही.

त्यांनी खाली उतरून डबा उघडला आणि अनुपच्या हातावर दशमी ठेवली. "आता निदान डावाच धरून बस. देवदत्त बघतोय."

तो कसनुसं हसला. "स्वानंदीला सांगू ना, तुम्हाला कळलंय म्हणून?"

"नको," मावशी म्हणाल्या. "तिला वाटेल तेव्हा ती सांगेल. मी विचारणार नाही."