एका चांदणीची गाणी

शेजारच्या काकांच्या कॉम्प्युटरवरची सतरा गाणी मी एका बोटाने पुसून टाकली, त्यातली कचराटोपलीही रिकामी केली आणि "झाली जागा!" म्हणत चहा मागितला.

कॉम्प्युटर भरला म्हणून त्यांनीच बोलावलं होतं. आमच्या घरात मला कुणी कॉम्प्युटरला हात लावू देत नाही; काकांचा मात्र माझ्यावर विश्वास होता. प्रत्येक गाण्यापुढे त्यांनी एक ते पाच चांदण्या दिलेल्या. एक चांदणीवालं गाणं टाकाऊ, तुम्हीही हेच समजला असता ना?

काकांनी उभा जन्म मिरकरवाडा बंदरात होड्यांची इंजिनं दुरुस्त केली. गाणंही ते तसंच ऐकत. तळवा स्पीकरवर टेकवून, डोळे मिटून. "किती चांदण्या?" विचारलं की ठरलेलं उत्तर, "थांब रे, जरा गरम होऊ दे." तीनदा ऐकल्याशिवाय निकाल नाही. कधी आमच्या दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडून हाक येई, "त्या कालच्या गाण्याची एक काढली हां!" आम्ही हळहळायचं. माझ्या बायकोच्या घावनांनाही चारच बोटं वर होत. पाचव्या बोटासाठी ती दहा वर्षं झटत होती.

त्या दिवशी काका चहा घेऊन आले, पडद्याकडे बघितलं, आणि कप माझ्या हातात न देता टेबलावर ठेवला.

"ती वाईट नव्हती रे," म्हणाले. "तुझ्या काकीची होती. गुणगुणायची ती. तीन चांदण्यांच्या वरची आपोआप लागतात ना दिवसभर, त्यात ही मधेच लागू नयेत म्हणून एक दिलेली."

काकी जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

मी चहा न पिताच घरी आलो. बायकोने सगळं ऐकून घेतलं, मला काय म्हणायचं ते म्हणाली (ते इथे लिहीत नाही), आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर यादी करायला बसली. गडग्यापाशी वाल सोलताना काकी काय गुणगुणायच्या, ते तिला पाठ होतं. सोळा आठवली. सतरावं काकांनीच सांगितलं, तेही शब्द न उच्चारता, नुसती चाल धरून.

आठ दिवस शोधून मी ती सगळी परत भरली. काका खुर्ची ओढून बसले आणि एकेका गाण्याला एक चांदणी देत गेले. एकही न ऐकता. तीनदा ऐकायचा नियम त्यांनी मोडलेला मी तेवढाच पाहिला.

गेल्या महिन्यात काका गेले. त्यांच्या मुलीने कॉम्प्युटर आमच्याकडे आणून दिला. कुठलं गाणं किती वेळा वाजलं, तेही त्यात दिसतं. मी आधी ती सतरा बघितली. सतराही गाण्यांपुढे शून्य.

"बघ," मी बायकोला म्हणालो, "आपण एवढी धावपळ केली, आणि काकांनी एकदाही लावली नाहीत."

ती घावनांचं पीठ ढवळत होती. हातातला डाव थांबला नाही.

"तुमच्या आईचं लुगडं अजून कपाटात आहे," ती म्हणाली. "कोण नेसतं?"