कानबाईची मूठभर वाळू

ये, अशी जवळ ये. कागदावरून काय जवळ येणार म्हणा, पण कान तरी इकडे कर. आधी दोन शब्द रागावून घेते, मग बाकीचं. तू सुरतेहून फरसाण पाठवलंस, मावशीची आठवण ठेवलीस, बरं वाटलं. पण पोरी, खोक्यात पिशवी, त्या पिशवीत दुसरी पिशवी, तिच्या आत हवा भरून फुगवलेली तिसरी, आणि तिच्या तळाशी वाटीभर शेव. शेव एका दुपारी संपली. पिशव्या अजून माझ्या कोनाड्यात घडी घालून बसल्या आहेत. त्या कुठे टाकू ते तूच सांग.

दुसरं रागावणं फोटोचं. कानबाईला आली नाहीस ती नाहीसच, वर फोनवर म्हणालीस, मावशी, फोटो पाहिला, काय सुंदर वाळू दिसते, नदी स्वच्छ केली वाटतं तुम्ही. तेव्हा मी नुसतं हूं केलं, कारण शेजारी धाकटी जाऊ लसूण सोलत बसली होती. आता ती शेतात गेली आहे, तर सांगते. त्या फोटोतली वाळू आमच्या नदीची नाही.

तुझी मुलं तिकडेच वाढली, त्यांना हे ठाऊक नसणार, म्हणून पहिल्यापासून सांगते. श्रावणात रविवारी घरोघरी कानबाई देवी बसते आणि सोमवारी तिला वाजतगाजत नदीवर पोचवतो. नदीवर गेलं की तिथल्याच मूठभर वाळूची एक लहानशी कानबाई करायची, तिला हळदकुंकू वाहायचं, आरती करायची आणि ती वाळू पाण्यात सोडायची. वाळू तिथलीच लागते. घरून नेत नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूने मला पदर खोचून पाण्यात उभं केलं होतं आणि ओंजळीत वाळू कशी उचलायची ते दाखवलं होतं. पाण्यात पावलं दिसायची तेव्हा.

आणि रोटाचं, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याचं जेवण. ते घरच्या माणसांनीच खायचं, बाहेर द्यायचं नाही, उकिरड्यावर तर टाकायचंच नाही. ताट धुतलेलं पाणी, कणीक मळलेला हात धुतलेलं पाणी, सगळं अंगणात खड्डा करून त्यात. एक शीत इकडचं तिकडे झालं की सासू डोळे वटारायची. म्हणजे बघ, घाण न करण्याची शिस्त आमच्या घराघरात आहे, कुणी शहरातून येऊन शिकवायला नको. फक्त ती श्रावणात येते आणि कानबाईबरोबरच परत जाते.

माझ्या डोक्यात हेच बसलं. यंदा आखाजीला, तुमच्या तिकडच्या अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी आलेल्या, निंबाला झोके बांधलेले, गल्लीतल्या सगळ्या बायका तिथेच. मी विषय काढला. म्हटलं, देवीसाठी खड्डा करतो तसा एक खड्डा बारा महिने ठेवू. सालं, देठं, खरकटं त्यात. आपल्या गल्लीतून नाल्यात काही जाऊ द्यायचं नाही, आणि जिथे आपण कानबाई उतरवतो तेवढा काठ तरी साफ करू. हो, आता सगळे नदीला नालाच म्हणतात. मीही म्हणते कधीकधी, मग जीभ चावते.

जाऊने लगेच तोंड उघडलं. "आक्का, देवीना खड्डा शे तो. त्यामा कांदासना सालटा टाकशी?"

मी म्हटलं, त्याच्या शेजारी दुसरा करू.

"कोठे? फरशी फोडू का?"

बायका हसल्या. हसू देत, पण बोलणं तिचं खरं होतं. गल्लीत आता मातीचं अंगण राहिलंच कुठे? सगळीकडे फरशी, नाहीतर सिमेंटचा कोबा. रोटाचं पाणीसुद्धा गेली काही वर्षं बायका प्लॅस्टिकच्या बादलीत साठवतात आणि मग बादली नेऊन नाल्यात ओततात. देवीचं उष्टं गटारात, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मातीचं अंगण उरलं ते एक माझं. माझा मुलगा पुरुषोत्तमनगरला कारखान्यात, त्याला फरशी बसवायला सवड होत नाही म्हणून.

तर ठरलं, खड्डा माझ्या अंगणात आणि सालं सगळ्यांची. सुरुवातीला बायका घमेल्यात, जुन्या डब्यात घेऊन यायच्या, दोन घटका बसायच्या, चहा व्हायचा. मला वाटलं, जमलं. मग घमेली बंद झाली आणि पिशव्या यायला लागल्या. सालं पिशवीत भरून, वर पक्की गाठ मारून, भिंतीवरूनच खड्ड्यात. मी आपली उन्हात बसून गाठी सोडायची. एका पिशवीत तर भेंडीच्या देठांबरोबर दाढीचं पातं निघालं, बोट कापलं. त्या घरी जाऊन विचारलं तर ती बाई म्हणाली, पिशवी का सोडली, तशीच राहू द्यायची की. आता हिला काय सांगावं.

नाल्याचं त्याहून वेगळं नाही. पावसाच्या आधी आम्ही थोड्या बायका काही दिवस सकाळी खाली उतरलो. गुटख्याच्या पुड्या, औषधाच्या बाटल्या, बाळांचे डायपर, लग्नातल्या थर्माकोलच्या ताटल्या, ठिबकच्या नळ्यांची गुंतवळ. आणि सगळ्यात जास्त काय निघालं, तर पपई-टरबुजाच्या वाफ्यांवर अंथरतात तो काळा मल्चिंगचा कागद. ओढला की अर्धा हातात आणि अर्धा चिखलात. लोकांना नावं ठेवायला मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, वरच्या बाजूचं पहिलं पपईचं वावर आमचंच. घरी मुलाला विचारलं. तो जेवता जेवता म्हणाला, "माय, पुरा गाव टाकस, मी एकलाच का?" मी त्याच्या ताटात भाकरी वाढली.

निघालेला कचरा आम्ही खताच्या गोण्यांत भरला आणि काठावर रांगेने ठेवला. ग्रामपंचायतीतून निरोप आला की ट्रॅक्टर येतो, गोण्या तिथेच ठेवा. ठेवल्या. ट्रॅक्टरवाला आज लग्नात, उद्या तळोद्याला, परवा ट्रॉलीचं चाक पंक्चर. मी रोज जाऊन गोण्या बघून यायची, कुणाची म्हैस बांधली असावी तशी. मग सातपुड्याकडे पाऊस झाला, नाल्याला लोंढा आला, आणि सकाळी गेले तर काठ मोकळा. आमच्या गोण्या आमच्याच नाल्याने परत नेल्या होत्या. पुढच्या वळणावर बाभळीला अडकून काही फाटलेल्या दिसल्या. ज्या बायका माझ्याबरोबर कंबर मोडून वाकल्या होत्या, त्यांना मी काय तोंड दाखवू? त्यातली एक म्हणाली, जाऊ द्या आक्का, हे केलंच नसतं तर निदान गोण्या तरी आपल्या गेल्या नसत्या.

मग आला कानबाईचा सोमवार. लेझीम, फुगड्या, सगळं झकास. धाकट्या जावेच्या डोक्यावर पाट, पाटावर देवी नथ घालून. काठावर पोचलो. नेहमीप्रमाणे वाळू काढायला मी पुढे झाले, घरात मोठी मीच ना. बसले खाली. पहिल्या मुठीत शाम्पूची पुडी आली. दुसऱ्या मुठीत काळ्या कागदाच्या चिंध्या. वरचा थर बाजूला सारून बोटं खुपसली, तर काळा चिकट गाळ, आणि असा वास की शेजारच्या बाईने पदर नाकाला लावला. बाजूला सरकून पाहिलं, तिथे काच. मी खणतच राहिले. मागे लेझीम थांबली. बायका कुजबुजायला लागल्या. माझ्या नखांत गाळ, आणि त्याच हातांनी देवी करायची.

"आक्का, ऊठ," जाऊ वरून म्हणाली. "देवी डोकावर शे, बाया उन्हामा उभ्या शेतस. मन्हा घरनी वाळू शे ना."

तिच्या नव्या घराचं बांधकाम चाललंय, दारात वाळूचा ढीग आहे. मी म्हटलं, "ती तुन्हा भिंतीनी वाळू शे, नदीनी नही."

"वाळू शे ना? मंग व्हयनं. तुन्ही नदी दी ऱ्हायनी का वाळू?"

दिराने मोटारसायकलवर सिमेंटच्या रिकाम्या गोणीत वाळू आणली. चाळलेली, पिवळीधमक. खरं सांगायचं तर तीही तापीचीच, डंपरने आलेली, म्हणजे कुठल्या तरी नदीचीच. काठावर ओतली, तिची कानबाई केली, हळदकुंकू वाहिलं. तेव्हाच तो फोटो काढला, जो तू पाहिलास. आरतीत माझं तोंड उघडलं नाही. देवी माझ्यावर रागावली असेल तर रागावो, मीही तिच्यापुढे तशीच उभी राहिले.

आणि आता पुढचं ऐक. वाळू पाण्यात सोडली, बायका निघाल्या, आणि ती गोणी तिथेच. कुणी टाकली असंही नाही, कुणी उचलली नाही एवढंच. वारा आला, गोणी उडाली, पाण्यात पडली आणि वाहत जाऊन त्याच बाभळीला अडकली, आमच्या फाटक्या गोण्यांच्या वर. देवीला आणलेल्या वाळूची गोणी, बघ. आता नाल्यात देवीच्या नावाने एक वस्तू वाढली.

संध्याकाळी जाऊ माझ्या ओट्यावर येऊन बसली. मग म्हणाली, "माले बी चांगलं नही वाटनं, आक्का. पण देवीले किती येळ उभी ठेवसूत?"

तिच्यावर चिडावं तर ती चूक बोलत नव्हती, आणि त्यानेच माझा जीव जास्त जळतो. सगळेच आपापल्या जागी थोडे थोडे बरोबर असतात, फरशीवाल्या, गोणीवाले, माझा मुलगासुद्धा, आणि नाला भरत राहतो.

मला फार काही नको गं. पुढच्या श्रावणात त्या काठावर बसून मूठभर वाळू माझ्या हाताने निघावी, एवढंच. सासूने दाखवली तशी. किती श्रावण बघायचे राहिलेत ते मला कुठे माहीत?

ती गोणी पुलावरून रोज दिसते. मुलगा म्हणतो उद्या काढतो. त्याचा उद्या तुला माहीत आहे. माझे गुडघे त्या उतारावर चालत नाहीत, जावेला चिखलाची किळस येते. तुझे गुडघे चांगले आहेत. म्हणून म्हणते, दिवाळीची वाट बघत बसू नको. पाणी ओसरलंय, शहाद्याला उतरलीस की फोन कर, घ्यायला पाठवते. जुने कपडे आण. फरसाण आणायचंच असेल तर डब्यात आण. तू खाली उतर, मी वरून काठी धरते. गोणी निघाली की तिथेच दोन हात खोल खणून पाहू. मला वाटतं, खाली वाळू असेल अजून. ये लवकर.