कापलेला हौदु

काशिनाथअण्णांनी हेडफोन काढला, टेबलावर अलगद ठेवला आणि मला विचारले, "सायेब, म्या कुठं हाय यात?"

मी पुन्हा प्ले दाबले. गाणे स्वच्छ वाजत होते. टाळ नेमका होता, वीरूअप्पांचा आवाज खणखणीत होता. अण्णा मात्र त्यात कुठेच नव्हते.

लातूरच्या एका लहान कंपनीत मी तांत्रिक बाजू सांभाळतो. आम्ही संगीताचे एक स्ट्रीमिंग अ‍ॅप तयार करत होतो. स्ट्रीमिंग म्हणजे सबंध गाणे फोनमध्ये उतरवून न घेता, आमच्या सर्व्हरवरून थोडेथोडे येईल तसे ऐकणे. नायगाव, अर्धापूर, उदगीर या भागांतील भजने आणि कथागीते त्यावर यावीत, असा बेत होता. वीरूअप्पा आणि काशिनाथअण्णा उदगीरचे. अप्पांचे किराणा दुकान आहे. अण्णा आडतीत मापाडी होते. धान्य मोजण्यात त्यांची हयात गेली. अप्पा शिवभक्तांच्या कथा गातात आणि ओळ संपली की अण्णा म्हणतात, "हौदु." कानडीत हौदु म्हणजे होय. तरुणपणापासून कथेत त्यांचा वाटा एवढाच.

तोच वाटा मी कापला होता.

अ‍ॅपमध्ये 'क्लीन आवाज' नावाचे एक फीचर होते आणि ते माझ्या कल्पनेतून आलेले होते. लोक घरीच रेकॉर्डिंग करून पाठवतात. त्यात मिक्सर फिरतो, रस्त्यावरचा हॉर्न येतो, कोणी चहाला हाक मारते. गाण्याच्या मधले असे आवाज आणि बोलणे ओळखून कापायचे आणि उरलेले सांधायचे, हे त्या फीचरचे काम. त्याने हौदु हे बोलणे ठरवले. त्याला दोष देता येत नाही. मी शिकवले तेच त्याने केले.

आमची टेस्टर फरहीन, म्हणजे अ‍ॅप लोकांपुढे जाण्याआधी त्यातल्या चुका शोधणारी मुलगी, हिने मला वेळेत सावध केले होते. तिने तिकीट टाकले होते. तिकीट म्हणजे उत्तर मिळेपर्यंत उघडी राहणारी लेखी तक्रार. "सर, दुसरा आवाज गाण्याचाच भाग वाटतो. गायकांना विचारू का?" त्याखाली मी लिहिले, "पुढच्या व्हर्जनमध्ये पाहू," आणि तिकीट बंद केले.

घाई होती, असे मी बरेच दिवस स्वतःला सांगत राहिलो. ते अर्धेच खरे आहे. मूळ गाणे मी ऐकले होते, हौदुही ऐकला होता. तो नसला तर शहरातल्या कानांना बरे वाटेल, असे तेव्हा माझ्या मनात आले होते.

"अण्णा, माझी चूक झाली," मी म्हणालो.

अण्णांनी हेडफोन माझ्याकडे सरकवला. बोलले ते शेजारी बसलेले वीरूअप्पा. "सायेब, ह्यो हौदु म्हनतो तवा मला म्होरली ओळ सुचती. ह्याच्याबिगर म्या येड्यावानी एकटाच बडबडून राहिलो, असं वाटतंय. आमची तेराच्या तेरा गानी काढून टाका."

"ऱ्हाऊ द्या की अप्पा," अण्णा हळूच म्हणाले. "तुमचं तरी नाव हुईल."

"तू गप बस."

आमचे संचालक शिंदे सर यांच्याकडे मी गेलो.

"एका शब्दासाठी तेरा गाणी काढायची? सोमवारी लॉन्च आहे."

"होय सर."

"मूळ फाइल्स लावा की मग."

"त्या नाहीत. सर्व्हर भरत आला होता. मीच डिलीट करायला लावल्या."

सरांनी चष्मा काढून पुसला. "मग तुम्हीच उदगीरला जा."

लॉन्च त्या तेरा गाण्यांवाचून झाला. त्यानंतरच्या रविवारी अप्पांच्या दुकानामागच्या खोलीत मी माइक मांडले. या वेळी अण्णांसाठी वेगळा. आणि तिथेच घोटाळा झाला. आयुष्यात प्रथमच स्वतःचा माइक पुढे आल्यावर अण्णा ताठ बसले. ओळ संपली की बरोबर एका मापाने हौदु, पुन्हा तेवढाच हौदु.

अप्पांनी टाळ खाली ठेवला. "आरं, पोती मोजून राहिला का? आता लाभ म्हन, दोन म्हन."

मापाडी पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणतात. खोलीत सगळे हसले, अण्णा सोडून. "चुकलं तर पुना कापतील," ते म्हणाले.

तोडगा अप्पांनीच काढला. त्यांनी पुन्हा कथा धरली आणि मध्येच, अण्णांना ठाऊक नसलेल्या वाटेने, ती वळवली. "आन् मग लातुरातून एक सायेब आला... त्यानं मापाड्याला पेटीत घातलं... पेटी उघडून बघतो तर मापाडी गायब!"

"हौदु!" अण्णांच्या तोंडून हसतच निघाला. मग ते म्हणाले, "पन सायेब माघारी आला की अप्पा."

"तू नुसतं हौदु म्हन," अप्पा म्हणाले आणि पुढे गात सुटले. त्यानंतर अण्णांना माइकची आठवण राहिली नाही. पुढच्या दोन रविवारी उरलेली गाणीही झाली.

"सायबाची ओळ काढायची का?" अप्पांनी निघताना विचारले.

"राहू द्या," मी म्हणालो. ती आजही अ‍ॅपवर आहे. गाण्याखाली दोन नावे आहेत.

फरहीनचे तिकीट मी पुन्हा उघडले आणि बंद करण्याचा अधिकार तिच्याकडे दिला. तिच्या सांगण्यावरून आता गाणे चढवण्याच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढला आहे: 'मागून बोलणारे कोण? त्यांचे नाव लिहा.' तो रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकत नाही. लोक कुरकुरतात. हा रकाना आधी असता, तर अप्पांची गाणी चढवताना मीही तिथेच अडलो असतो; मागचा आवाज कोणाचा, हे मी विचारलेच नव्हते.