कापसाच्या घरातला कुत्रा

महाराष्ट्र झाला, त्याच्या आदल्या हंगामात आमच्या घरी कुत्रा आला. आमचं गाव दिग्रसजवळ. तांड्यावरच्या बाया आमच्या वावरात कापूस वेचायला यायच्या. त्यांतल्या एकीच्या मागे तो आला आणि बांधावरून हलेचना. ती म्हणाली, "राहू दे बाई, त्याले तुहं घर आवडलं." मी घरात नवी सून, माझं म्हणावं असं सासरी काहीच नव्हतं. कुत्रा माझा झाला.

हंगामात आमची समोरची खोली छतापर्यंत कापसानं भरायची. राखणीला सासरे, आमचे मामाजी, त्याच कापसावर अंथरूण टाकून झोपायचे. कुत्र्याचीही राखण तिथंच. मी त्याला कवडीची, म्हणजे बाजारात न चालणाऱ्या किडक्या कापसाची, जाड गादी करून दिली. असा थाट गावात दुसऱ्या कुठल्या कुत्र्याचा नव्हता.

थोड्याच दिवसांत तो खाजवायला लागला. पोट लाल झालं, कानामागचे केस गेले. करंजाचं तेल लावलं, गंधक चोळलं, कडुलिंबाच्या पाण्यानं धुतलं. धुतल्यावर थंडी वाजू नये म्हणून सासूबाई गादीत आणखी कापूस घालायच्या. खाज वाढतच गेली. एक दिवस मामाजी चौकटीला पाठ घासत म्हणाले, "सूनबाई, हे खरजुलं कुत्रं घरात नको. होळीच्या आत जंगलात नेऊन सोडा."

चौकटीला पाठ घासणं हे त्यांचं दर हिवाळ्यातलं. त्याला घरात 'रक्त तापलं' म्हणायचे आणि त्यांना धण्याचं पाणी द्यायचे. माणसाला धण्याचं पाणी आणि कुत्र्याला जंगल! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जंगलात तो दोन दिवसही टिकला नसता, हे मला दिसत होतं.

पौषात आमच्या कापसाची पहिली गाडी दिग्रसला निघाली आणि कुत्रा तिच्यामागे धावत गेला. सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यापुढे गाड्यांची ही लांब रांग. आमच्या ह्यांना बरेच दिवस तिथंच काढावे लागले. परतले तेव्हा कुत्र्याच्या पोटाची लाली उतरलेली.

"तिथं तं खाजवतच नव्हता," हे म्हणाले.

"निजत कुठं होता?"

"गाडीखाली. मातीत."

त्या रात्री तो आपल्या गादीवर निजला आणि सकाळी पुन्हा खाजवत बसला. मग मला आणखी काही विचारायचं उरलं नाही. मी गादी उचलली आणि उकिरड्यावर नेऊन फेकली. नदीची कोरडी रेती आणून अंगणात गोठ्याच्या भिंतीशी पसरली आणि त्याला तिथं बांधलं.

कापसाला नाव ठेवलेलं मामाजींना सहन होईना. "कापसानं कधी कोनाले खाज येते का? आपल्या पिढ्या कापसावर निजल्या."

"अन् खाजवतच उठल्या, मामाजी."

माझ्या तोंडून निघून गेलं. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रागावल्या, पण त्या हसत होत्या.

होळीपर्यंत त्याच्या कानामागे मऊ, तांबूस केस आले. गावातली माणसं विचारायला लागली, की नवा कुत्रा आणला काय. मी मान ताठ करून सांगायची, तोच आहे. पुरणाची पहिली पोळी मी त्याला घातली. जंगलाचा विषय कुणी काढला नाही, आणि मला इतका आनंद झाला की चुलीपुढे बसून एकटीच हसले.

पुढच्या हंगामात कापसाचं पहिलं गाठोडं दारात उतरलं. मामाजींनी ते चाचपून पाहिलं, पाठीवर हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सूनबाई, यंदा माही बाज आंगनातच टाका. त्या कुत्र्याजवळ."