त्यानं न गिळलेली वाइन

दिनकर गेल्याचं त्याचा चुलतभाऊ बापूनं फोनवर सांगितलं. "गुर्जी, दिन्या गेला. दारूनं खाल्लं बगा शेवटी." लष्करात असताना झालेल्या काविळीनं त्याचं यकृत पोखरलं होतं, हे डॉक्टरांनी बापूच्या आणि माझ्या देखत समजावून सांगितलं होतं. पण हॉटेलात वाइन निवडणारा माणूस यकृतानं गेला, तर गावाला डॉक्टर कशाला लागतो?

दिनकर आणि मी सांगलीजवळच्या एकाच गावचे, एकाच वर्गातले. तो लष्करात गेला, ऑफिसरांच्या मेसमध्ये वाइन चाखायला शिकला आणि निवृत्तीनंतर महाबळेश्वरच्या एका हॉटेलात त्याच कामावर लागला. मी मेढ्याला शिक्षक. सुटीच्या दिवशी एसटीनं वर जायचो. एकदा गेलो तर हॉटेलसाठी इटलीची एक लाल वाइन ठरवणं चाललं होतं. पहिली त्यानं तोंडात घोळवली, थुंकली, म्हणाला, "गोडवा हाय, कणा न्हाई." दुसरी नुसतीच आंबट निघाली. तिसरी मात्र त्यानं पुन्हा पुन्हा घोळवून पाहिली... "ही बग. तीन जातीची द्राक्षं हायती हिच्यात. आंबट हाय, तुरट हाय, पर कोण कुणाला दाबत न्हाई." तरी एवढ्यावर भागलं नाही. स्वयंपाकघरातून भाजलेलं मटण मागवलं, मग तिखट रस्सा, आणि दोन्हींबरोबर ती पुन्हा चाखली. चरबीनं तिचा तुरटपणा निवतो, तिखटानं भडकतो, म्हणून ती भाजलेल्या मटणाबरोबरच द्यायची, असं त्यानं वेटरला बजावलं. बाटलीला बूच लावून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवली आणि संध्याकाळी मला फोन केला, "टिकली रं. हीच घेतली."

यातला एक थेंबही पोटात गेला नव्हता. घोट गिळ की एखादा, असं मी चिडवलं तर म्हणाला, "गिळली की जीभ खोटं बोलाय लागती, गड्या." इतक्या वर्षांत मी त्याला पिताना पाहिलं नाही. गावाला थुंकणं दिसलं नाही, त्याच्या सामानातली बाटल्यांची खोकी दिसली. जत्रेला आला की "आणलीस का?" म्हणून डोळे मिचकावणारे हजर. एकदा त्यानं हौसेनं बापूला चाखायला शिकवायला घेतलं. बापूनं ग्लास एका दमात रिकामा केला आणि म्हणाला, "चढत न्हाई ही." दिनकर तेव्हा हसला. परतताना एसटीत मात्र म्हणाला, "माझ्या माघारी तरी ह्यांनी मला दारुडा म्हणू नये, एवढंच वाटतं बग."

दहाव्याला कृष्णाकाठी पिंड मांडला, तर कावळा शिवेना. मुलीचं लग्न लावून देतो म्हणाले, शेत सांभाळतो म्हणाले... कावळा झाडावरच. मग बापू गाडीवरून गेला आणि देशी दारूची बाटली घेऊन आला. मी त्याचा हात धरला. "गुर्जी, त्येची विच्छा हाय, आडवू नगा," म्हणत त्यानं हात सोडवला आणि पिंडाभोवती धार धरली. लोक मागं सरले, आणि कावळा उतरला. माणसं सुटल्यासारखी हसली. दोन-चार जणांनी तर हात जोडले. मला त्या कावळ्याचाही संताप आला.

परवा वहिनींनी, म्हणजे दिनकरच्या बायकोनं, बोलावून घेतलं. त्याचे चाखायचे सहा ग्लास वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले होते. "भावजी, ह्ये तुमी घिऊन जावा. पोरीला बघाय पावनं येणार हायती."

"वहिनी, तो पीत नव्हता."

"मला ठावं न्हाई व्हय? पर आता कुणाकुणाला सांगत बसू?"

ग्लास मी घरी आणले आणि मुद्दाम बैठकीच्या खोलीत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे मांडले. शिक्षकाच्या घरी हे कसे, असं लोक विचारतात. मी सांगतो, माझ्या मित्राचे आहेत, वाइन चाखायचा, पण जन्मात कधी प्यायला नाही. ते ग्लासांकडे बघतात, माझ्याकडे बघतात आणि हसतात.