फर्स्ट क्लासचा बोळ

“हिची सीट नको. ही खाली बसते.”

बाई असं म्हणाल्या तेव्हा मी त्यांच्या खुर्चीमागेच उभी होते. अंधेरीतलं ट्रॅव्हल एजन्सीचं ऑफिस. काचेचं दार, एसी, भिंतीवर बर्फाच्या डोंगरांची पोस्टरं. टेबलापलीकडे टाय लावलेला पोरगा, अलीकडे मुलुंडचे डॉक्टर आणि त्यांच्या बाई. मी त्यांच्याकडे डॉक्टरांच्या आईला सांभाळायला होते. आजींचं उजवं अंग लकव्याने लुळं पडलेलं. त्यांना उठवायचं, बसवायचं, न्हाऊ घालायचं, त्यांचं शी-शू काढायचं. हे माझं काम. त्या दिवशी मला सहीसाठी नेलं होतं. त्यांच्याबरोबर मीही युरोपला जाणार होते.

पोराने समजावून सांगितलं होतं. पास म्हणजे तिकडच्या गाड्यांत चढायची परवानगी. पण चढलात म्हणून बसायला मिळेलच असं नाही. जागा वेगळी बुक करायची, दर गाडीची वेगळी, वर थोडे पैसे भरून. काही इथूनच टेलेक्स करून मिळतात, काही तिकडे स्टेशनवर घ्यायच्या. काही गाड्यांत तर जागा बुक केल्याशिवाय पाऊलच ठेवू देत नाहीत. एवढं सांगून त्याने विचारलं, पाचही सीट एकत्र टाकू ना? त्यावर बाई तसं बोलल्या.

पोरगा हसला. “मॅडम, तिकडे खाली कोणी बसत नाही.”

“मग उभी राहील. सवय असते त्यांना.”

त्यांना. मी एकटी उभी होते आणि बाई ‘त्यांना’ म्हणाल्या. त्या एका शब्दात माझी आई आली, बाप आला, विक्रोळीची आमची अख्खी चाळ आली. डॉक्टर पोस्टर बघत होते.

मग पासचा प्रश्न निघाला. पोरगा म्हणाला, सव्वीसच्या वरच्या माणसाला फर्स्ट क्लासचाच पास निघतो, दुसरा नाही. माझं वय त्याहून जास्त. बाई म्हणाल्या, हिला फर्स्ट क्लास? काहीतरी स्वस्तातलं बघा ना. नव्हतंच काही. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी मुद्दाम वय वाढवून आले. मी सही केली. सातवी शिकलेली सही. पोरगा म्हणाला, छान आहे अक्षर. बाई म्हणाल्या, चल, आजी एकट्या आहेत.

मला नेत होते ते का, हे सांगते. डॉक्टरांचा धाकटा भाऊ जर्मनीत. त्याला मुलगा झाला होता, आजींना नातू बघायचा होता. आजींना उचलणार कोण? डॉक्टर स्वतःच्या आईला हात लावत नसत. रोज पेशंटच्या जखमा साफ करणारा माणूस, पण आईचं अंथरूण खराब झालं की खोलीबाहेरूनच मला हाक मारायचा. दुसरं कारण मला नंतर, जर्मनीत बाईंच्या बोलण्यातून कळलं. तेव्हा परदेशी जाणाऱ्याला सरकार माणशी मोजकेच डॉलर द्यायचं. माझा पासपोर्ट निघाला, माझ्या नावाचे डॉलर निघाले, आणि ते बाईंच्या खरेदीत जमा झाले. कागदावर मी पूर्ण माणूस होते. कागदावरच.

त्या घरात मी आजींना न्हाऊ घालायचे. अंग पुसायचे, पावडर लावायचे, पातळ नेसवायचे. मग बाई यायच्या आणि तांब्यातलं पाणी आजींच्या अंगावर शिंपडायच्या. मग आजी देवासमोर बसायच्या. पहिल्यांदा मला वाटलं गंगाजल असेल, त्यांची काही रीत असेल. नंतर कळलं, ते माझ्यासाठी होतं. माझा हात धुऊन काढायला. आम्ही बौद्ध, हे त्यांना आडनावावरून पहिल्या दिवशीच कळलं होतं.

चाळीत मात्र सगळे खुश. आपली पोरगी विमानात बसणार म्हणून भावाने उसनी बॅग आणली. शेजारच्या मावशी स्वेटर घेऊन आल्या, म्हणाल्या, तिकडं लई थंडी असते गं. आई सगळ्यांना सांगत सुटली. ऑफिसमधलं मी कोणाला बोलले नाही. कोणत्या तोंडाने बोलणार?

जर्मनीत नातू बघून झाला आणि रेल्वेचा प्रवास सुरू झाला. तिकडच्या फर्स्ट क्लासच्या डब्यात एका बाजूने बोळ आणि दुसऱ्या बाजूला काचेच्या दारांच्या खोल्या. एका खोलीत समोरासमोर सहा जागा. ज्या बुक झाल्या त्यांची चिठ्ठी दारावर लावलेली. आमच्या दारावर चार चिठ्ठ्या. डॉक्टर, बाई, आजी आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी. उरलेल्या दोन जागा रिकाम्या. एकीवर बाईंनी खाण्याची टोपली ठेवली, दुसरीवर सगळ्यांचे कोट.

मी बोळात. मोठ्या बॅगांजवळ.

मला वाटलं, गाडी सुटली की बोलावतील. गाडी सुटली. टोपली उघडली. काचेतून दिसत होतं सगळं. थालीपीठ, चटणी, लाडू. मग बाईंनी दार बोटभर सरकवलं आणि कागदावरचं थालीपीठ बाहेर धरलं. माझा हात पुढे गेला तसं त्यांनी ते वरून सोडलं. दार लावून घेतलं. मुलीने माझ्याकडे बघितलं. या मुलीची मी वेणी घालायचे. परीक्षेच्या वेळी तिला रात्रीचं कॉफी-बिस्कीट मीच न्यायचे. तिने वॉकमन कानाला लावला आणि तोंड खिडकीकडे केलं.

थालीपीठ मी खाल्लं. भूक लागली होती. ते अजून घशात आहे.

थोड्या वेळाने तिकीट तपासनीस आला. उंच, म्हातारा, टोपीवाला. माझा पास त्याने उलटसुलट बघितला. आतल्या चौघांचे बघितले. पाचही सारखेच. त्याने काचेतून रिकाम्या जागा बघितल्या आणि मला हाताने खूण केली, आत बसा. दार उघडून टोपलीकडे बोट दाखवून बाईंना काही म्हणाला. बाई हसल्या. पाहुण्यांसमोर हसतात तसं गोड.

“शी इज अवर सर्व्हंट. शी लाइक्स टू स्टँड.”

माझं सातवीपर्यंतचं इंग्रजी एवढं कळायला पुरलं. सर्व्हंट कळलं. लाइक्स कळलं. मला उभं राहायला आवडतं. उभी केली त्याचं मला तोवर नवल नव्हतं, आम्ही उभेच असतो. पण हे मला आवडतं, असं माझ्या वतीने माझ्या तोंडावर सांगितलं गेलं. आणि तो टोपीवाला? त्याने खांदे उडवले आणि पुढे गेला. गोरा माणूस म्हणून मी त्याच्याकडे आशेने बघितलं होतं. त्या आशेची मला लाज वाटली.

त्या बाईच्या सासूची घाण मी तीन वर्षं काढत होते. घाणीने मला कधी ढवळलं नाही. घाण धुतली की जाते. बाईंच्या त्या हसण्याने मला ओकारी आली. संडासात गेले, तोंड धुतलं, आरशात बघितलं. मावशींचा स्वेटर, डोक्याला रुमाल. मी स्वतःला म्हटलं, तू बोलली नाहीस. तुला तोंड होतं, ती समोर होती, आणि तू बोलली नाहीस.

जिनिव्हाला आम्ही दोन दिवस राहिलो. तिथून पॅरिसला जायचं होतं, फ्रान्सच्या नव्या वेगवान गाडीने. अंधेरीतला पोरगा ज्या गाड्यांबद्दल बोलला होता त्यातली ती. जागा बुक नसेल तर प्रवेश नाही. डॉक्टर स्टेशनवरच्या बुकिंगच्या खिडकीवर गेले. मी आजींची चाकाची खुर्ची धरून मागे. त्यांनी चार जागा घेतल्या. मला वाटलं, चुकले असतील.

चुकले नव्हते. बाई मला म्हणाल्या, तू मागच्या साध्या गाडीने ये. तिला बुकिंग लागत नाही, पास चालतो. दोन ठिकाणी गाडी बदलायची. मोठ्या बॅगा तुझ्याबरोबर आण, आमच्या गाडीत ठेवायला जागा नसते. आजींना गाडीत बसायच्या आधी संडासाला नेऊन आण, तीन-चार तासांचा तर प्रश्न आहे.

मी म्हटलं, मला भाषा येत नाही. कुठे उतरायचं ते कसं कळणार?

“साहेब कागदावर लिहून देतील. गळ्यात अडकव. कोणीही बघून सांगेल.”

त्या हे रागाने बोलल्या नाहीत. अगदी सोय सांगितल्यासारख्या बोलल्या. गळ्यात काहीतरी अडकवून फिरायची पाळी आमच्या लोकांवर एकदा येऊन गेली आहे. विहारात लहानपणी ऐकलं होतं. ऐकताना ते जुनं वाटायचं, मेलेलं वाटायचं. आणि इथे सातासमुद्रापार, चकचकीत फरशीवर, ही बाई माझ्या गळ्याकडे बघत होती.

मी खुर्चीचा ब्रेक लावला. डॉक्टरांसमोर गेले.

“माझा पासपोर्ट द्या. आणि पास.”

“कशाला?”

“माझ्या नावाचा आहे. आणि माझ्या नावावर जे डॉलर काढलेत, त्यातून सीटचे पैसे द्या.”

डॉक्टरांचं तोंड बघण्यासारखं झालं. डॉलरचं मला माहीत असेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. बाई दात ओठ खाऊन हळू आवाजात म्हणाल्या, इथे तमाशा करू नकोस. मी आवाज चढवला नाही. तिथून हललेही नाही. लोक बघायला लागले. लोकांनी बघितलेलं त्या दोघांना सहन होत नव्हतं. डॉक्टरांनी कमरेच्या पिशवीतून पासपोर्ट काढला, पास काढला, नोट काढली आणि माझ्या हातावर टाकली.

रांगेत उभी राहिले. खिडकीतल्या बाईसमोर पास ठेवला, पासपोर्ट ठेवला, डॉक्टरांच्या हातातल्या तिकिटांकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, “सेम. पॅरिस.” तिने काही विचारलं, मला कळलं नाही. तिने हाताने चौकोन काढून दाखवला. मी म्हटलं, “विंडो.” तिने कागद दिला. त्यावर डब्याचा नंबर, जागेचा नंबर.

डबा तोच होता, पण माझी जागा दुसऱ्या टोकाला. मी आजींना उचलून त्यांच्या जागेवर बसवलं, पायांवर शाल घातली आणि माझ्या जागेवर जाऊन बसले. मऊ, मोठी खुर्ची. बाहेर डोंगर पळत होते. आनंद झाला का, असं मला नंतर पुष्कळांनी विचारलं. नाही झाला. अंग ताठ होतं. कोणीतरी उठवायला येईल म्हणून मी हात खुर्चीला घट्ट धरून बसले होते.

आणि बाई आल्याच. नाकाला रुमाल.

“आईंना बसल्या जागी झालंय. चल लवकर.”

मला आजी दिसत होत्या. मान खाली गेली होती. त्यांचं वजन माझ्या हातांना पाठ होतं. त्यांना लाज वाटली की त्या डावी मूठ आवळतात, हे मला माहीत होतं, बाईंना माहीत नव्हतं. माझा पाय उठायला निघाला होता. खोटं कशाला सांगू.

मी म्हटलं, “टॉवेल आणि कपडे निळ्या बॅगेत आहेत. त्यांना डाव्या बाजूने धरा, उजवी लुळी आहे.”

“तू माणूस आहेस की कोण?”

मी खिडकीकडे बघितलं. मला उभं राहायला आवडत नाही, हे त्यांना सांगायचं होतं. सांगितलं नाही. बसून राहिले. डॉक्टर उठले नाहीत. मुलीच्या कानात वॉकमन. शेवटी बाईंनीच सासूला धरलं आणि संडासापर्यंत नेलं. माझ्या जागेवरून जाताना वास आला. रोजचाच वास. पण त्या दिवशी तो त्यांच्या हातांना होता.

पॅरिसच्या हॉटेलात मी आजींना नेहमीसारखं न्हाऊ घातलं. ते माझं काम होतं, ते मी शेवटपर्यंत केलं. मला वाटलं होतं, आजी तरी काही समजतील. तीन वर्षं या बाईचं डोकं माझ्या छातीवर टेकलेलं. त्यांनी माझ्याकडे न बघता सुनेला सांगितलं, “मला दुसरी बघा. हिचा हात नको.” बाईंनी तांब्या शोधला. हॉटेलात तांब्या नव्हता, त्यांनी ग्लासाने पाणी शिंपडलं.

सहार विमानतळावर त्यांची गाडी आली. सामान भरलं, ते बसले आणि गेले. मी बस पकडून विक्रोळीला आले. कामावरून काढल्याचं तिथल्या दुसऱ्या कामवालीकडून कळलं. मुलुंडच्या त्या सगळ्या बंगल्यांत सांगून झालं होतं, हिला ठेवू नका, डोक्यावर बसते. पुष्कळ दिवस काम नव्हतं. भाऊ चिडला. आई म्हणाली, उभी राहिली असतीस तर पाय झिजले असते का? तिचं आयुष्य उभ्यानेच गेलं होतं.

मग घाटकोपरच्या एका नर्सिंग होममध्ये लागले. वर्षभराने एका रविवारी बाई आमच्या चाळीत आल्या. आजी आता पार अंथरुणाला खिळल्या होत्या. चार बायका ठेवल्या, एकही टिकली नाही. आजींच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. बाई खरंच थकलेल्या दिसत होत्या. पगार वाढवून देते, म्हणाल्या. झालं गेलं विसर, म्हणाल्या.

मी चहा ठेवला. कपात ओतून त्यांच्यासमोर ठेवला. “चहा घ्या, मग बोलू.”

“आत्ताच घेऊन आले गं.”

“अर्धा घ्या.”

त्यांनी कपाकडे बघितलं. हात पदराखाली होता, तो बाहेर आला नाही. बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती, आई दाराआडून ऐकत होती. चहावर साय धरली. बाई उठल्या, मी बघते, म्हणाल्या आणि चप्पल घालून गेल्या. आजींच्या जखमांचं मला वाईट वाटलं. आजही वाटतं. पण मी गेले नाही.

तेव्हापासून नर्सिंग होमच्या ओळखीने मी कुठल्याही घरी कामाला गेले की दारातच सांगते, मी बौद्ध आहे. तुमच्या माणसाची शी माझ्या हाताला चालेल. माझ्या हातचं पाणी तुम्हाला चालेल का, ते आत्ता सांगा. काही जण दार लावतात. लावू देत. जे हात पाण्याला चालत नाहीत, ते घाणीलाही मिळणार नाहीत.