कोपरावरचा हॉर्न

आल्बन तूलाँच्या गाडीच्या कपाळावर ‘धीर धरा’ असं लाल अक्षरांत रंगवलेलं होतं, आणि आत बसणाऱ्यांना तो धरावाच लागे. खालच्या रोझो शहरापासून वर प्वांत ग्वाव गावापर्यंतच्या वाटेवर इतक्या सावकाश चालणारी दुसरी गाडी नव्हती. डोक्यावर नीरफणसाची टोपली घेऊन चालणाऱ्या बायका म्हणायच्या, “आल्बन, आज घाई आहे रे, मी आपली पायीच जाते.” तो हसायचा आणि पहिल्या गिअरमध्येच राहायचा. पण पोटुशी बाई असो, म्हातारं माणूस असो की तापाने फणफणलेलं पोर असो, गाव त्यांना आल्बनच्याच गाडीत बसवायचं. ज्या रस्त्यावरून दर पावसाळ्यात एखादी तरी गाडी दरीत जाते, तिथे एवढ्या वर्षांत त्याच्या गाडीला ओरखडा नव्हता. याचा त्याला गर्व होता. बोलून दाखवत नसे इतकंच.

त्या रस्त्यावर एक वळण आहे, त्याला कोपर म्हणतात. एका बाजूला डोंगराचा कडा आणि गटार, दुसऱ्या बाजूला खाली थेट समुद्र. दृष्टीआड सृष्टी म्हणणं घरात बसून ठीक आहे, कोपरावर दृष्टीआड ट्रक असतो. आणि वळणाच्या ऐन टोकाला, डोंगराच्या अंगाला, आल्बनच्या नेनेनचं घर. नेनेन म्हणजे देवळात बाप्तिस्म्याच्या वेळी पोराला हातावर घेणारी मानलेली आई. आल्बनची खरी आई त्याच्या लहानपणीच गेली, तेव्हा या युडोरा नेनेनने त्याला नुसतं हातावर घेतलं नाही, घरात घेतलं, अळूच्या कंदावर आणि खारवलेल्या माशावर वाढवलं. गाडी घेतल्यापासून कोपरावर आला की तो हॉर्न द्यायचा आणि खिडकीतून नेनेनचा हात वर व्हायचा.

पुढे ती ठार बहिरी झाली, तरी हात वर व्हायचाच. आल्बनने एकदा तिच्या कानाशी ओरडून विचारलं, “तुला ऐकू कसं येतं गं?”

“मला कुठलं ऐकू येतंय! अंगणातल्या कोंबड्या उडाल्या की समजायचं, आल्बन आला.”

चक्रीवादळाने वरच्या झऱ्याची पाइपलाइन वाहून नेली, आणि ती नव्याने टाकायला हॉलंडहून एक इंजिनिअर बाई आल्या. नाव मारायका. गावाने दुसऱ्याच दिवशी त्यांना मिस मारा करून टाकलं. बाई कामाला वाघ होत्या, फक्त एक चूक करून आल्या होत्या. स्वतःची जीप जहाजातून घेऊन आल्या होत्या. त्यांच्या देशात गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, म्हणून स्टिअरिंग डावीकडे. आमच्याकडे सगळं उलटं. डावीकडून चालायचं म्हणजे बाई डोंगर उतरताना ऐन दरीच्या कडेला बसलेल्या, आणि समोरून येणारी गाडी किती जवळून जाणार याचा त्यांना अंदाज नाही.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी दोन कोंबड्या आणि देवळाच्या फाटकाचा खांब उडवला. तेव्हा गावाने आल्बनला पाठवलं, “जा बाबा, त्यांना शिकव, नाहीतर आमचा जीव घेतील.”

आल्बन त्यांच्याशेजारी बसला. बाई हॉर्नला हातच लावत नव्हत्या.

“मिस मारा, वाजवा ना!”

“आमच्याकडे असं वाजवणं उद्धटपणाचं असतं.”

“इथे न वाजवणं उद्धटपणाचं. इथे हॉर्न म्हणजे बोलणं. एकदा म्हणजे ‘काय, बरं आहे ना?’ दोनदा म्हणजे ‘मी वळणावर आलोय, तिकडे कुणी आहे का?’ आणि लांबलचक म्हणजे ‘थांब, नाहीतर मेलास.’ कोपरावर दोनदा वाजवायचं आणि कान द्यायचा. पलीकडून हॉर्न आला तर थांबायचं. नाही आला तर रस्ता मोकळा, खुशाल जायचं.”

“हॉर्न नाही, तर रस्ता मोकळा,” बाईंनी पाठ केलं.

“शाबास.”

बाई शिकल्या. इतक्या शिकल्या की शेळी दिसली तरी एकदा वाजवून बरं आहे ना विचारायच्या. गाव पोट धरून हसायचं, पण आल्बनला मनातून फार बरं वाटायचं.

एक गोष्ट मात्र त्याने सांगितली नाही. लपवली म्हणून नव्हे, ती सांगायची असते हेच त्याच्या डोक्यात आलं नाही. गावात कुणी गेलं की मोठा शंख फुंकतात, आणि तो फुंकल्यापासून माणूस मातीत जाईपर्यंत त्या घरापुढे कुणी हॉर्न वाजवत नाही. गाडी मुंगीच्या पावलाने न्यायची, समोरच्याने समजून घ्यायचं. शंख सगळ्यांनी ऐकलेला असतो, कोण गेलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. आणि गावाला ठाऊक ते जगाला ठाऊक, असं प्रत्येक गावाला वाटतंच.

मे महिन्यातल्या एका पहाटे शंख वाजला तो कोपरावरच्या घरातून.

आल्बन धावत गेला. नेनेनचे पाय धरून बसला. रडू मात्र येईना. तिची धाकटी बहीण मेल्विना, जिच्या जिभेला गाव टरकून असायचं, ती म्हणाली, “बसून काय होणार रे पोरा? रात्री मयताच्या जागरणाला माणसं येतील. कॉफी नाही, साखर नाही, बसायला बाकं नाहीत. जा, घेऊन ये.” तो उठला आणि गाडी घेऊन खाली रोझोला गेला. काम मिळालं याचंच त्याला बरं वाटलं.

मिस मारा आदल्या दिवसापासून वर झऱ्यावर मुक्कामाला होत्या. झरा डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. शंख तिथपर्यंत पोचला नाही.

दुपारी आल्बन परतला. गाडीत कॉफी, साखर, रमच्या बाटल्या, टपावर रोझोच्या देवळातून आणलेली बाकं बांधलेली, आणि आत काळ्या कपड्यांतली सात-आठ माणसं. कोपर जवळ आलं तशी सगळी गप्प झाली. आल्बनचा अंगठा सवयीने हॉर्नवर गेला आणि त्याने तो मागे घेतला. पहिला गिअर. घर दिसायला लागलं, अंगण दिसलं. तो खिडकीकडे बघत होता, आणि ती रिकामी होती.

त्याच वेळी वरून मिस माराची जीप उतरत होती. घराच्या वरच्या अंगाला रस्त्याकडेला मेल्विना उभी होती, गाड्यांना खुणा करायला. जीप दिसताच तिने ओठांवर बोट ठेवलं आणि हाताने हवा दाबली: वाजवू नका. बाईंनी मान डोलावली. वाजवायचं नाही एवढं त्यांना समजलं, का ते समजलं नाही. त्यांनी काच खाली केली आणि शिकवल्याप्रमाणे कान दिला. पलीकडून हॉर्न नव्हता. हॉर्न नाही, तर रस्ता मोकळा. बाई नेहमीच्या वेगाने वळणात शिरल्या.

आल्बनला समोर एकदम जीपचं तोंड दिसलं. त्याने ब्रेकवर उभं राहायचंच बाकी ठेवलं. त्याची बाजू त्याने सोडली नव्हती, जीपही तिच्या बाजूला होती, एरवी घासून निघून गेल्या असत्या. पण भीतीत माणसाचे हात जन्मगावी जातात. बाईंनी स्टिअरिंग गर्रकन उजवीकडे फिरवलं, थेट त्याच्यावर.

धडक बसली. आल्बनची गाडी गटारात कलंडून कड्याला टेकली, टपावरचं एक बाक उडून रस्त्यावर आलं, आत किंचाळ्या उठल्या. आणि जीप भोवऱ्यासारखी फिरून दरीकडे गेली. तिचं पुढचं डावं चाक कडेवरून खाली उतरलं आणि ती थांबली, कशी थांबली ते देव जाणे. पोटाखाली एक दगड अडकला होता.

आल्बन दारातून कसाबसा बाहेर पडला. गाडीतली माणसं हलत होती, बोलत होती. आजी क्लेमांसचं कपाळ फुटलं होतं, पण ती शिव्या देत होती, म्हणजे ठीक होती. त्याने जीपकडे पाहिलं. बाईंचं दार दरीवर उघडत होतं. दुसरं दार धडकेने चेपून बसलं होतं.

“हलू नका! मिस मारा, अजिबात हलू नका!”

“मी हलत नाहीये,” आतून बारीक आवाज आला. “आल्बन, मला खाली पाणी दिसतंय.”

“पाणी बघू नका. माझ्याकडे बघा.”

घरातली माणसं धावत आली. मेल्विनाही आपली जागा सोडून खाली आली. पाच-सहा जण जीपच्या मागच्या बंपरवर रेलले. कुणीतरी बाकं बांधलेला दोर सोडला. एक टोक जीपच्या मागच्या आकड्याला, दुसरं गटारातल्या गाडीला. दोर ताणला, दगड करकरला, जीप हातभर पुढे सरकून पुन्हा थांबली. सगळे ओरडले. देवळात प्रार्थना सांगणारा क्लीटस मागच्या काचेवर दगडाने मारत होता. काच फुटली की बाईंना मागून ओढून काढता येणार होतं. अख्खा रस्ता माणसांनी भरला होता.

तेवढ्यात वरून आवाज आला. पीं, पीं. दोनदा.

सगळे जागच्या जागी थिजले. तो खडीचा ट्रक होता. नव्या रस्त्याच्या कामावरचा, भरलेला. ड्रायव्हर कुठल्या तरी परक्या देशातला, कालपरवा आलेला. त्याने विचारलं होतं: तिकडे कुणी आहे का? आणि वर त्याला खूण करायला आता कुणी नव्हतं. उत्तर गेलं नाही तर तो काय समजेल, हे आल्बनहून जास्त कुणाला ठाऊक होतं?

“पळा, वर कुणी तरी पळा!” क्लीटस ओरडला. पण ट्रकचा गिअर बदलल्याचा आवाज आला. तो निघाला होता.

आल्बन कलंडलेल्या गाडीत पालथा शिरला. त्याने हात लांबवला.

“आल्बन, नाही!” मागून कुणीतरी म्हणालं. “नेनेन आत आहे!”

क्षणभर त्याचा हात थांबला. समोरच्या फुटक्या काचेतून ती खिडकी दिसत होती. मग त्याने हॉर्नवर तळवा दाबला आणि सगळा भार टाकला. लांबलचक. तो आवाज कड्यावर आपटून परत आला, समुद्रावर गेला, घरात शिरला. आल्बनने हात काढला नाही. त्याच्या आयुष्यात त्याने इतका वेळ हॉर्न कधी दिला नव्हता.

वर ब्रेक किंचाळले. खडी सांडल्याचा खळखळाट झाला. वळणातून ट्रकचं पिवळं नाक बाहेर आलं आणि मेल्विनापासून चार हातांवर थांबलं.

काच फुटली. बाईंना बगलेत हात घालून मागून ओढून काढलं. त्या रस्त्यावर बसल्या आणि त्यांचे दात वाजायला लागले. त्या बाहेर पडल्यावर माणसांनी अंग सैल केलं तसा दगड निसटला, दोर तुटला, आणि जीप गेली. खाली आपटल्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला.

मग राग बाहेर पडला. भीती गेली की ती जागा रागाला लागतेच.

“ज्यांना डावं-उजवं कळत नाही त्यांनी गाडी कशाला हाकावी?” क्लीटस म्हणाला. “आणि तू रे आल्बन! तिने वाढवलं तुला. तिच्या दारात, आजच्या दिवशी, असा बोंबलवलास हॉर्न?”

खालच्या चौकीचा हवालदार मोटारसायकलवरून आला. त्याने सगळं पाहिलं आणि बाईंपुढे उभा राहिला.

“चूक माझी आहे,” बाई त्याने विचारायच्या आधीच म्हणाल्या. “मी उजवीकडे वळवली.”

“झालं तर,” क्लीटस म्हणाला. “लिहा. परवाना काढून घ्या आणि कोर्टात उभं करा.”

आल्बनने गप्प राहायचं म्हटलं असतं तर कुणी त्याला बोल लावला नसता. गाडीला ओरखडा पडला तो दुसऱ्याच्या चुकीने, असं म्हणून त्याचं नाव पुन्हा स्वच्छ झालं असतं. गावालाही तेच हवं होतं.

“वळणाआधी हॉर्न ऐकलात?” हवालदाराने बाईंना विचारलं.

“नाही. म्हणून तर आले.”

“त्यांनी पाठ केलं होतं ते,” आल्बन म्हणाला. “मीच शिकवलं. हॉर्न नाही तर रस्ता मोकळा. हवालदारसाहेब, मी वाजवला नाही. घरापुढे वाजवत नाहीत म्हणून. आणि कुणी मेल्यावर आपण वाजवत नाही, हे मी त्यांना कधी सांगितलंच नाही. अर्धं शिकवलं मी त्यांना. तेही लिहा.”

मेल्विना कमरेवर हात ठेवून पुढे आली, आणि आता हिची जीभ सुटणार म्हणून क्लीटससुद्धा मागे सरला.

“माझंही लिहा,” ती म्हणाली. “मी हिला गप्प केलं, पण थांबवलं नाही.” मग ती आल्बनकडे वळली. “आणि तू, गाढवा. इतकी वर्षं ठार बहिरी होती ती. तिची झोप मोडेल म्हणून गप्प होतास होय?”

आल्बनने खिडकीकडे पाहिलं.

“तू वाजवलास ना आत्ता,” मेल्विना म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच हलला, “तेव्हा सगळ्या कोंबड्या उडाल्या. एवढा ट्रक अंगावर येत होता, आणि मी मेली खिडकीकडे बघत होते. म्हटलं, हात वर होईल.”

तेव्हा आल्बनला रडू आलं. सकाळपासून अडलेलं सगळं आलं. तो रस्त्यात उभा राहून लहान पोरासारखा रडला आणि त्याला कुणी थांबवलं नाही.

मग माणसं गाडीच्या टपावरची बाकं उतरवायला लागली, कारण संध्याकाळी जागरणाला बसायला ती लागणारच होती. मिस मारा उठल्या. त्यांनी रस्त्यावर पडलेल्या बाकाचं एक टोक धरलं, दुसरं आल्बनने धरलं, आणि ते दोघे ते घेऊन अंगणात गेले.